भिमाबाईचा कोट

बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे निघालात की वाटेत एक लहानशी बौद्धवाडी लागते. त्या वाडीत कुठल्याही घरात शिरा. समोरच्या भिंतीवर वर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली त्या घरातला गेलेला कर्ता पुरुष, कोटात. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल पट्ट्यांचा टाय आणि वरच्या खिशात पेन. पहिल्या घरात तुम्ही म्हणाल, वा, काय रुबाब आहे. दुसऱ्या घरात म्हणाल, इथंही कोणी साहेब होता वाटतं. तिसऱ्या घरात मात्र डोकं खाजवाल, कारण कोट तोच, टाय तोच, आणि पेनाचं सोनेरी टोपणही त्याच जागी चमकतंय. अहो, अख्ख्या वाडीतले मेलेले बाप्ये एकाच कोटात आहेत. जिवंतपणी यातल्या एकाच्याही अंगाला कोट लागला नव्हता. कोणी सुपाऱ्या पाडल्या, कोणी खडी फोडली, कोणी होडीवर कामाला गेला.

हा कोट विनेशचा. विनेशचं बोर्लीच्या बाजारपेठेत दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि जुन्या फोटोवरून नवा फोटो. चक्रीवादळात माडांच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, तेव्हा भिंतीवरचे आणि ट्रंकांतले फोटोही भिजले. लोक चिकटलेले अल्बम, बुरशी धरलेल्या तसबिरी घेऊन त्याच्या दारात रांग लावून उभे राहिले. विनेशने एकेक फोटो स्कॅन केला, संगणकावर डाग पुसले, गेलेले डोळे परत आणले. तेव्हाच अंबाजी नावाचा म्हातारा वारला. त्याचा एकुलता एक फोटो होता तो बनियनवरचा. आता बाप बनियनवर भिंतीला कसा टांगायचा, म्हणून पोरं रडकुंडीला आली, आणि विनेशने कुठून तरी एक कोट आणून अंबाजीच्या मानेखाली बसवला. वाडी बघत राहिली. अंबाजी बाबासाहेबांच्या खाली बाबासाहेबांसारखाच कोटात. त्या दिवसापासून जो गेला तो कोटात गेला.

आणि बायका? बायकांना शालू. हिरवा शालू, जरीचा काठ, डोक्यावरून पदर. विनेशकडे तोही एकच.

या वाडीत भिमाबाई राहते. सत्तरीला आलेली बाई, पण चालते अशी की रस्त्याने बाजूला व्हावं. लग्न होऊन आली ती बाळाराम मिस्त्रीच्या घरात. बाळाराम गवंडी, आणि ही त्याच्या हाताखाली. माल कालवायचा, घमेलं उचलायचं, चिरा खांद्यावरून वर द्यायचा. दिवेआगरातल्या बागायतदारांची कितीतरी घरं या दोघांनी बांधली. पुढं बाळारामच्या पाठीत उसण भरली ती कायमची, आणि त्याचं शिडीवर चढणं संपलं. मग बाळाराम खाली खुर्चीवर बसायचा आणि भिमाबाई वर चढायची. ओळंबा तिने लावायचा, गिलावा तिने मारायचा, कोपरे तिने काढायचे. काम झालं की मालक चार लोकांना आणून दाखवायचा आणि म्हणायचा, "बाळाराम मिस्त्रीचं काम बघा, बोट फिरवा, खरखर लागते का?"

बाळाराम भला माणूस होता. तो दर वेळी सांगायचा, "मालक, काम हिचं हाय. मी निस्ता बसलोय." यावर सगळे हसायचे. मिस्त्री गमत्या आहे म्हणायचे आणि चहा बाळारामच्या हातात द्यायचे. भिमाबाई तेव्हा बोलली नाही. दोन पोरांची लग्नं, धाकट्या अजितचं शिक्षण, हे सगळं डोक्यावर असताना कोण बोलतंय? पण राग गिळला म्हणजे पचला, असं थोडंच आहे.

बाळाराम गेला तेव्हा अजितने, जो आता काशीदच्या बाजूला शाळेत गुरुजी आहे, विनेशकडून बापाचा फोटो करून आणला. कोटातला. भिमाबाईने तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोला. नवऱ्याला कोट शोभतही होता.

गोष्ट बिघडली ती राही गेली तेव्हा, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. राही म्हणजे भिमाबाईची मैत्रीण, तिच्या आधी दोन वर्षं लग्न होऊन वाडीत आलेली. सारा जन्म सुपारी सोलण्यात गेला, बोटं काळी पडलेली, पुढचा एक दात पडलेला. हसली की त्या फटीतून वारा यायचा, आणि ती कायम हसायची. विहारात टेबलावर तिचा फोटो मांडला होता, फुलं, मेणबत्त्या, सगळं नीट होतं. भिमाबाई फुलं वाहायला पुढं गेली आणि हात तसाच राहिला. टेबलावर कोण बाई होती देव जाणे. गोरीपान, हिरव्या शालूतली, आणि पुढचा दात जागच्या जागी. विनेशने मेलेल्या राहीला दात बसवला होता.

"कोण हाय गं ही?" भिमाबाईने शेजारी उभ्या सोनूबाईला विचारलं.

"राही," सोनूबाई म्हणाली. सोनूबाई तिची शेजारीण, शब्दाला महाग नसलेली बाई, पण त्या दिवशी तीही एवढंच बोलली.

भिमाबाईने फुलं टेबलाच्या कडेला ठेवली. त्या अनोळखी बाईला वाहावीशी तिला वाटेनात. घरी येऊन ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. बाळारामच्या बाजूला एक फोटो मावेल एवढी जागा मोकळी होती. ती जागा कोणाची ते सांगायला ज्योतिषी नको होता. उद्या आपण गेलो की तिथं हिरव्या शालूतली कोणीतरी बाई येऊन बसेल, आणि नातवंडं तिला आजी म्हणतील. या विचाराने तिला जी चीड आली, ती मरणाच्या विचारानेही कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती विनेशच्या दुकानात हजर. हातात एक जुनी तसबीर, फडक्यात गुंडाळलेली.

"जय भीम काकी. काय आणलंत?"

"फोटो करायचाय. भिंतीवरचा."

"कोणाचा?"

"माझा."

विनेशने मान वर केली. "काकी, तुम्ही तर धडधाकट आहात."

"मेल्यावर येऊ व्हय सांगायला, कसा पायजे ते?"

विनेशने तिच्या हातातली तसबीर घेतली. त्याने फडकं सोडलं. आत विहाराचा स्लॅब टाकला त्या दिवशीचा फोटो होता. वाडीतल्या बायका ओळीने उभ्या, अंगावर सिमेंटचे शिंतोडे, आणि मधोमध तरणीताठी भिमाबाई, उन्हामुळे कपाळाला आठ्या, नजर थेट कॅमेऱ्यात. वादळात फोटो भिजून काचेला चिकटला होता. कडेच्या बायकांचे चेहरे बुरशीने खाल्ले होते. विनेशने फोटोला नख लावलं नाही. काच काढायला गेलो तर चेहरा काचेबरोबर जाईल, हे त्याला त्या वादळाच्या वर्षात पुरतं कळलं होतं. त्याने फ्रेमची पट्टी सोडवली, काच दोन्ही बाजूंनी पुसली आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर पालथा घातला. उजेडाची पट्टी इकडून तिकडे सरकली. संगणकावर भिमाबाईचा चेहरा ताटाएवढा मोठा उघडला.

"मस्त आलाय," विनेश म्हणाला. "हा गालावरचा डाग काढतो. आठ्या पण काढू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"डाग काढ. आठ्या माझ्या हायत."

"बरं. आणि मग शालू लावतो, हिरवा आहे छान."

"शालू नको. कोट घाल."

विनेश हसला. भिमाबाई हसली नाही. मग विनेशचंही हसू ओसरलं.

"काकी, कोट पुरुषांचा आहे. माझ्याकडे बायकांचा कोटच नाही."

"बायकांचा कुठं मागितला? बाळारामाला घातला तोच घाल. एका घरात दोन कशाला?"

विनेशने परवा या म्हणून सांगितलं. आता विनेश काही वाईट मुलगा नाही, पण दुकानदार माणूस. उद्या मुलगा येऊन आईची थट्टा केलीत का म्हणून गळा धरेल, ही भीती त्याला होती. म्हणून भिमाबाई रिक्षात बसते न बसते तोच त्याने अजितला फोन लावला. पलीकडून अजित गुरुजी काय बोलले ते विनेशने पुढं कोणाला सांगितलं नाही. पण फोटो घेऊन आले ते स्वतः अजितच.

शनिवारी शाळा सुटल्यावर अजित आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरला, बोर्लीत थांबला आणि संध्याकाळी घरी आला. काखेत वर्तमानपत्रात बांधलेली फ्रेम. घरात सोनूबाई लसूण सोलत बसली होती. भिमाबाईने सुतळी सोडली, कागद बाजूला केला.

हिरवा शालू. जरीचा काठ. डोक्यावर पदर. रंग दोन हात उजळलेला, कपाळ गुळगुळीत, आणि नाकात चांगली ठसठशीत नथ. शालूवाल्या मूळ बाईच्या कपाळावर कुंकू असणार, ते विनेशने आठवणीने पुसलं होतं. नथ मात्र विसरला होता.

सोनूबाईने मान लांब करून बघितलं. "ही कुठल्या खोताची सून?" तिने विचारलं.

"आई आहे ती," अजित म्हणाला.

"अगं बाई. मला वाटलं तू दुसरी आई आणलीस."

भिमाबाईने फ्रेम पालथी ठेवली. "मी कोट सांगितला व्हता."

"आई, विनेशने मला सगळं सांगितलं. अगं, काय हे? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"हसतील."

"हसू देत. दात हायत तवर हसू देत, नायतर विनेश नवे बसवतोच."

सोनूबाईने तोंडाला पदर लावला. अजितला काही हसू आलं नाही. तो मास्तर माणूस, समजावून सांगायची सवय. त्याने बसकण मारली आणि हळू आवाजात सुरुवात केली की मुळात जिवंत माणसाचा फोटो गेलेल्या माणसांच्या ओळीत लावणं बरं नव्हे, ते अशुभ दिसतं.

इथं मात्र गुरुजी चुकले. भिमाबाई ताठ बसली.

"अशुभ? विहारात बावीस प्रतिज्ञा कोण म्हणतो रे पुढं उभा राहून? तुझ्यामागं मी म्हणते त्या. शुभ-अशुभ कधीपासनं चालू झालं आपल्यात?"

"तसं नाही गं—"

"कसं न्हाय? सांग की."

अजितचा आवाज चढला. "बरं, अशुभ नाही. पण कोट पुरुषाचा असतो आई. बाबांना शोभतो. तुला कशाला?"

"कोट पुरुषाचा कुठं हाय? कोट बाबासाहेबांचा हाय." तिने भिंतीकडे बोट केलं. "त्यांनी काय निस्ता बाप्यांसाठी घातला व्हता? वाडीतला तो पारावर पत्ते कुटणारा गेला, त्याला कोट. बायकोला मारत व्हता जन्मभर, तो गेला, त्याला पण कोट. आन् मी शिडीवर उभी राहून तुला शिकवला, मला नथ. मी तुझ्या बापाच्या वर चढून गिलावा मारलाय. पाठ गेल्यावर त्यानं एक भिंत न्हाय उभी केली, हे तो स्वतः बोलायचा आन् लोक हसायचे. तू पण हसायचास."

अजितने मान खाली घातली. हसायचा तो, खरं होतं. लहान होता, पण हसायचा.

"मला तुला एकदा तरी नीट बघायची होती," तो शेवटी म्हणाला. "चांगल्या साडीत. कायम सिमेंटनं माखलेली पाहिली तुला. शाळेच्या गॅदरिंगला आलीस तेव्हाही पायाला चुना होता. पोरं बघत होती. मी ठरवलं होतं, पहिल्या पगारात शालू घेईन. तू घेऊ दिला नाहीस. म्हणून म्हटलं, निदान फोटोत."

हे ऐकून कोणाचाही जीव हलला असता, आणि भिमाबाईचाही हलला. पोरगा वाईट नव्हता. त्याने प्रेमानेच केलं होतं, आणि प्रेमानेच तिला पुसून टाकलं होतं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"नीट म्हंजे कशी रे? चुना लागलेली नीट न्हाय का?"

अजित उठून पाणी प्याला आणि जाता जाता मनातलं बोलून गेला. "तू आता तुला हवा तो लाव. पण तुझ्या पश्चात कुठला ठेवायचा, ते माझ्यावर सोड."

बस्स. सगळं भांडण एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. भिमाबाईच्या लक्षात आलं की कोटातला फोटो नुसता करून काहीच होणार नाही. जिवंत आहे तोवर तो खिळ्यावर राहील. डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी खिळ्यावरून उतरेल आणि खोताची सून वर चढेल. मेलेल्या माणसाला भांडता येत नाही, हीच तर मेलेल्याची मोठी अडचण आहे.

सोमवारी ती पुन्हा विनेशच्या दुकानात गेली. शालूतली फ्रेम काउंटरवर ठेवली आणि स्टूल ओढून संगणकासमोर बसली.

"काकी, सर म्हणाले म्हणून मी—"

"सर तुझे असतील. मी त्याची आई हाय. कर आता, माझ्यासमोर."

"गिऱ्हाईक आहे, आधारचं—"

"बघू दे त्यांना बसून मजा."

गिऱ्हाईकं खरंच थांबली. झेरॉक्सला आलेला एक म्हातारा, पासपोर्ट फोटोला आलेल्या कॉलेजच्या मुली, सगळे माना वाकवून बघायला लागले. विनेशने कपाळावरचा घाम पुसला आणि स्कॅन उघडला. भिमाबाईचा चेहरा मोकळा करून घेतला, मग कोटाची फाइल उघडली. रिकामा कोट, आत माणूस नाही, नुसता पांढऱ्यावर उभा. भिमाबाईने त्याच्याकडे जरा वेळ बघून घेतलं. यात सगळी वाडी येऊन गेली होती.

विनेशने तिचं डोकं कॉलरमध्ये बसवलं. मान थोडी लांब केली, सावली दिली. मग माउस धरून कोटाचे खांदे आत ओढायला लागला.

"हे काय करतोस?"

"खांदे बारीक करतोय काकी. बाईमाणसाला एवढे रुंद दिसत नाहीत."

"थांब. मूळ फोटो लाव बाजूला. स्लॅबचा."

विनेशने लावला. त्या फोटोत भिमाबाई उभी होती, खांद्याला नुकतंच उतरवलेल्या घमेल्याचं फडकं. विनेशने तिच्या अंगाचं माप चेहऱ्याच्या मापाशी जुळवलं आणि कोट त्यावर ठेवून पाहिला. खांदे बारीक करायची गरज नव्हती. उलट कोट बाजूंनी जरा ताणावा लागला.

"बाळारामच्या वेळी काय केलंस?" भिमाबाईने विचारलं.

विनेश कानकोंडा झाला. "काकांना ढगळ होत होता. आत घेतला होता."

मागून कॉलेजची एक मुलगी खुदकन हसली आणि म्हणाली, "आजी, भारी दिसताय." भिमाबाईने मागं न बघता मान डोलावली. विनेशने आठ्यांना हात लावला नाही, रंग उजळला नाही, पेन खिशात ठेवलं. प्रिंटरमधून कागद सरसर बाहेर आला. लाल टायवर तापट डोळ्यांची, उन्हाने रापलेली बाई. विनेशने तो दोन्ही हातांनी उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाला, "काकी, एवढ्या कोटांत हा पहिलाच नीट बसला."

"लॅमिनेशन करून फ्रेममधी बसव. आन् मागनं प्लास्टिक लावून कडा बंद कर. ओल आत जाता कामा न्हाय."

"भिंतीला ओल येते का तुमच्या?"

"यायची हाय," भिमाबाई म्हणाली.

त्या आठवड्यात वाडीत बातमी फिरली. फिरणारच, कॉलेजच्या मुलींनी मोबाइलवर फोटो काढले होते. कोणी म्हणालं, म्हातारीला चळ लागला. विहाराच्या समितीतले एक जण वाटेत आडवे आले आणि म्हणाले, भिमाबाई, समाजाची शोभा होते. भिमाबाई म्हणाली, "व्हय, मी पण तेच बोलते, शोभाच होते," आणि पुढं गेली. सोनूबाई मात्र फोटो बघायला म्हणून आली आणि फोटोपुढे मांडी घालून बसली. मग म्हणाली, "भिमे, तू हायस गं ही." एवढं बोलून तिने डोळे पुसले, कारण तिला राही आठवली.

शनिवारी दुपारी अजित आला तेव्हा घरातून ठोकण्याचा आवाज येत होता. दारातून बघतो तो काय, घरभर तांबडी धूळ. भिमाबाई स्टुलावर उभी होती. बाळारामच्या फोटोशेजारच्या जागेत तिने छिन्नीने चिरा कोरून चौकोनी खोबण काढली होती. खाली घमेल्यात सिमेंटचा माल कालवलेला. कोटातली फ्रेम तिने खोबणीत बसवली होती आणि चारी बाजूंनी माल भरत होती. तीन बाजू भरून झाल्या होत्या. माल फ्रेमच्या पट्टीवर चढून तिला भिंतीत धरून बसला होता.

"आई, हे काय करतेयस?"

"फोटो लावते."

"खिळ्याला लावतात फोटो."

"खिळ्याचा फोटो काढता येतो."

अजितला कळलं. तो तिथंच उंबऱ्यावर थांबला. भिमाबाईने स्टुलावरून वळून त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत सिमेंटने भरलेले.

"ओलं हाय अजून," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत धरंल. काढायचा तर आत्ता काढ, माझ्या डोळ्यांदेखत. मी मेल्यावर मग भिंत पाडायला लागंल, आन् ही भिंत मी बांधलीय, पडायची न्हाय सहजी."

अजित आत आला. जोडे काढायचे राहिले, धुळीत ठसे उमटले. तो भिंतीजवळ गेला. वर बुद्ध, बाबासाहेब. खाली बाप, ढगळ कोट आत घेऊन बसवलेला, अवघडून बघणारा. आणि बापाच्या शेजारी आई. त्याच कोटात, खांद्यांनी कोट भरून टाकलेला, कपाळाला आठ्या, आणि नजर अशी की आत्ता विचारील, गृहपाठ केलास का. लहानपणी शिडीखाली उभं राहून वर बघितलं की हाच चेहरा दिसायचा. त्याने तो इतक्या वर्षांत कुठल्याच फोटोत नीट पाहिला नव्हता. आणि गेल्या आठवड्यात तोच पुसून घ्यायला आपण निघालो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याने हात वर केला. भिमाबाई हलली नाही. त्याने फ्रेमच्या खालच्या कडेला तळवा लावला, एक डोळा मिटून बघितलं आणि फ्रेम केसभर वर ढकलली.

"डावीकडून उतरली होती," तो म्हणाला.

"धर तशीच."

त्याने धरली. तिने चौथी बाजू भरायला घेतली. एक कोपरा झाला, खालची पट्टी निम्मी झाली, आणि दुसऱ्या कोपऱ्यापाशी येता येता घमेलं खरवडून निघालं. माल संपला होता. अजितने फ्रेम चाचपून पाहिली. पक्की बसली होती, पण खाली अजून बोटभर फट होती.

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि घमेलं उचललं.

"थांबा मिस्त्री," तो म्हणाला. "मी कालवून आणतो."

भिमाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. तिला बघवलं नसतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाणी बेतानं घाल."